साचा न काढलेला गणपती

आमचे सर मूळचे चेक देशातले होते. इथले सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी ‘सर’ म्हणायचे आणि त्याचं त्यांना हसू यायचं. जन्मभर त्यांनी इमारतींवरची नक्षी केली: सिंहाची तोंडं, फुलांच्या माळा, वळलेली पानं. आधी स्वतःच्या देशात, मग अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या जुन्या घरांत, थेट छताला. माणसं खाली जेवतात आणि मान वर करत नाहीत, असं ते हसत सांगायचे. म्हातारपणी ते अ‍ॅमस्टेलव्हीन या उपनगरात, आमच्या घराजवळच्या केंद्रात मातीकाम शिकवत. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, घरात बसून विटलेली. तिथे जाऊ लागले. वर्ग सुटताना ते आम्ही केलेलं सगळं मोडायला लावून माती पिंपात परत टाकत. मला त्याचा भयंकर राग यायचा.

मग कोरोना आला आणि वर्ग बंद झाला. त्या वर्षी इंडियन दुकानात गणपतीच्या मूर्तीही आल्या नाहीत. मी सरांना फोन करून थोडी माती मागितली. ते ती घेऊन आले, दाराशी ठेवली आणि घरी जायचं नावच घेईनात. आमचं घर तळमजल्यावर. मी आत खिडकीशी बसून मूर्ती घडवायचे, ते बाहेर फुटपाथवर उभे राहून काचेवर बोटाने दाखवायचे. सोंड जाड झाली की स्वतःचं नाक चिमटीत धरायचे. पाऊस असला तरी यायचे. एकटे राहायचे, त्या दिवसांत माझ्याशिवाय कुणाशी त्यांचं बोलणं होत होतं की नाही, कोण जाणे.

मुकुट काही मला जमेना. “दे इकडे,” असं म्हणून ते मूर्ती ओल्या फडक्यात गुंडाळून घरी घेऊन गेले. परत आली तेव्हा मी बघतच राहिले. मुकुटावर त्यांची ती वळलेली पानं होती, कानांच्या कडांना बारीक मुरड होती. हात थरथरतो म्हणून स्वतः काही घडवणं त्यांनी कधीच सोडलं होतं, हे मला ठाऊक होतं.

“सण झाला की इथेच खिडकीत ठेव,” ते काचेबाहेरून म्हणाले. “फिरायला निघालो की दिसेल.”

मी “हो” म्हणाले.

विसर्जनाचं सांगायला मला डच शब्द सापडत नाहीत, असं मी नवऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं. शब्द होते, धीर नव्हता. मूर्ती वाळत होती तेवढे दिवस मी रोज ‘उद्या सांगू’ म्हणत राहिले.

“मग ठेवूया ना मूर्ती. सुपारीचं विसर्जन करू,” नवरा म्हणाला.

पण आमच्याकडे दरवर्षी मूर्तीचंच विसर्जन होतं. पुण्यात आई-बाबा दोघंच घरात कोंडलेले, रोज कुणाच्या तरी जाण्याची बातमी; अशा वेळी रीत मोडायची मला भीती वाटली. दीड दिवसाने आरती करून मूर्ती बादलीत सोडली. आधी मुकुटाची पानं गेली. मी हात घालणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आई, डोन्ट टच!”

दुसऱ्या दिवशी सर आले आणि रिकाम्या खिडकीपुढे उभे राहिले. मी पडद्याआड लपले होते. ते जाईनात. शेवटी माझीच मला लाज वाटली. दार उघडलं, बादली पायरीवर ठेवली आणि दीड मीटर मागे सरून सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बादलीत हात घातला, चिखल बोटांत चोळून पाहिला.

“माती मोडायचीच असते,” ते म्हणाले. “मी जन्मभर तेच केलं. मातीत घडवायचं, त्यावर प्लास्टर ओतून साचा काढायचा, मग माती खरवडून टाकायची. तू सांगितलं असतंस, तर ओली होती तेव्हाच साचा काढला असता. एका दुपारचं काम.”

रागावले असते तर बरं झालं असतं. दर आठवड्याला जो माणूस माझ्यादेखत माती मोडत होता, त्याला मोडण्याचं वाईट वाटेल असं मी परस्पर ठरवलं आणि त्याच्या हातचं शेवटचं काम घालवलं. आजही ते आठवलं की मला स्वतःचा संताप येतो.

पुढच्या गणपतीपर्यंत सर वृद्धाश्रमात गेले होते. तिथे पुन्हा कोरोनाचे रुग्ण निघाल्याने आत सोडत नव्हते, म्हणून मी ओली मूर्ती घेऊन त्यांच्या खिडकीबाहेर उभी राहिले. या वेळी ते आत, मी बाहेर. “मुकुट तुम्हीच करून द्या, मी उद्या येऊन नेते,” मी काचेतून ओरडून म्हणाले. त्यांनी उजवा हात वर करून काचेला टेकवला. तो तिथेही थरथरायचा थांबत नव्हता. मग त्याच हाताने माझ्याकडे बोट दाखवलं.

मुकुट मीच केला आणि माती ओली होती तेव्हाच, त्यांनी सांगितलं होतं तसा, साचा काढला. तो अजून चांगला आहे. दरवर्षी त्यातून मुकुट निघतो, एकही पान न तुटता. सगळी पानं माझी, जाड जाड.