तांदळात गेलेलं नाव

मावशी पहिल्या हाकेला कधी वळल्याच नाहीत. बीडला आमच्या गल्लीत त्यांची खानावळ होती आणि मी तिथल्या शाळेत मास्तर, शाळा सुटली की खानावळीतच जेवायचो. कोणीही नावाने हाक मारावी, मावशींची पाठ आपली आमच्याकडे. दुसऱ्या हाकेला मान वळायची. तुम्ही असता तर तुम्हीही आमच्यासारखंच केलं असतं: आम्ही त्यांना परस्पर बहिरं ठरवून टाकलं होतं.

"मी बहिरी न्हाई," एकदा माझ्या ताटात भाकरी टाकत त्या म्हणाल्या. "हे नाव सासरचं हाय. लग्नात मालकानं अंगठीनं तांदळात लिवलं. माझ्यापत्तुर पोचायला त्याला येळ लागतो."

म्हणून ते नाव मी इथे लिहीतच नाही.

त्यांचं माहेर आष्टीकडच्या कडा गावाजवळ. वडिलांची जमीन तलावात गेली, भावांनी आपापला मोबदला उचलला, पण बहिणीचा वाटा न्यायला कोणी आलंच नाही, म्हणून तो सरकारकडे पडून राहिला. बहिणीला कोणी सांगितलंच नव्हतं, तर ती येणार कशी? एका लग्नात भावजयीच्या तोंडून सहज निघालं, तेव्हा कळलं. इकडे खानावळीचा जागामालक खोली विकायला निघालेला.

"त्या पैशात सोताची चूल मांडते," मावशी म्हणाल्या. "भाड्याची लई झाली."

मी अर्ज लिहून दिला आणि सोबत गेलो. भूसंपादन कार्यालयातले साहेब माणूस वाईट नव्हते. अडचण खरीच होती. मोबदला माहेरच्या नावावर, आधार कार्ड सासरच्या नावाचं. शाळेचं तोंड मावशींनी पाहिलेलं नव्हतं.

"नाव बदलल्याचा पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"तांदळात लिवलं होतं, साहेब. तांदूळ तवाच शिजवून खाल्लं."

मला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. "मग माहेरच्या नावानं ओळखणारी माणसं आणा," ते म्हणाले.

परतताना मावशी एकदम म्हणाल्या, "मास्तर, पैशाचं ऱ्हाऊ द्या. मी माझ्या बापाची लेक हाय, हे बी आता दुसऱ्यांनी सांगायचं?" मला फार वाईट वाटलं.

भावजयीला निरोप धाडून पुढच्या तारखेला आम्ही कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे होतो. शिपायाने अर्जावरचं नाव पुकारलं. मावशी ढिम्म. पुन्हा पुकारलं, तेव्हा वळल्या. "बाई, ऐकू येत नाही का?" साहेब दारात येऊन करवादले.

एवढ्यात आष्टीच्या एसटीने आलेला बायांचा घोळका फाटकातून आत शिरला. पुढे भावजय, मागे गावातच दिलेल्या मैत्रिणी आणि काठी टेकत एक म्हातारी चुलती. चुलतीने फाटकातूनच हाळी दिली, "ए सोजरे!"

"ओ!"

मावशी गर्रकन वळल्या आणि साठी उलटलेली ती बाई चक्क पळत सुटली.

"सोजरे, किती वाळलीस गं!" "सोजरे, वळखलंस का मला?" सगळ्या एकदम बोलत होत्या, एकदम रडत होत्या. साहेब बघतच राहिले. मग कारकुनाला म्हणाले, "घ्या सगळ्यांचे जबाब."

जबाबाखाली अंगठा उठवता उठवता भावजय म्हणाली, "साहेब, माझं बी माहेरचं नाव येगळं हाय. सांगू का?" तेव्हा मात्र साहेब हसले.

आदेश निघाला, पैसे खात्यावर आले, मावशींनी गल्लीभर पेढे वाटले. मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरचाही एवढा आनंद झाला नव्हता. मग त्या कड्याला निघून गेल्या आणि माझ्या जेवणाचे वांधे झाले.

गेल्या महिन्यात कड्याला गेलो. बाजाराच्या रस्त्यावर त्यांची स्वतःची पक्की खोली, मावशी तव्यापाशी पाठमोऱ्या. सवयीने मी सासरच्याच नावाने हाक मारली. वळल्या नाहीत. दुसरी मारली. तरी नाहीत. तिसरीलाही भाकरीच तेवढी उलटली.

मी दोन पावलं मागे सरकून दारावरची पाटी वाचली. सोजरबाईची खानावळ.

"सोजरमावशी!"

"ओ!" त्या लगेच वळल्या आणि तोंडभर हसल्या. "या मास्तर, बसा. भाकरी गरम हाय."