अठ्ठेचाळीस भाग आणि एक भिंगरी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे भिंगरी म्हणत. एकतीस वर्षं त्याने इमारतींच्या माथ्यावरची मशीनघरं चढून-उतरून काढली; एका जागी पाच मिनिटं बूड टेकवलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ! बंद पडलेल्या लिफ्टपाशी गेला की आधी डोळे मिटून दाराला कान लावायचा. "बोलू दे तिला," म्हणायचा आणि मगच हत्यारांची पिशवी उघडायचा.

या वर्षअखेरीला कंपनीने त्याच्यासकट निम्म्या लोकांना सहा दिवस सक्तीने घरी पाठवलं. या दिवसांची त्याची बायको वर्षभर वाट पाहत होती. टीव्हीवर एक रहस्यमालिका आली होती, अठ्ठेचाळीस भागांची. "एकटीने बघू नकोस, सुट्टीत दोघं मिळून बघू," असं तोच बोलून गेला होता. तो विसरला, तिने शब्द धरून ठेवला. शेजारणी शेवटाबद्दल बोलू लागल्या की ती कानांत बोटं घालून निघून जायची. सख्ख्या थोरल्या बहिणीशी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची, कारण ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे.

रोज आठ भाग, असं तिने ठरवलं. पहिल्या दिवशी सकाळी दहाला तिने नवऱ्याचा फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. पहिल्याच भागात तो चारदा उठला. पाणी प्यायला, खिडकीची कडी बघायला, पुन्हा पाणी प्यायला, आणि "डब्यात काही वाजलं का गं?" म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ खोलून बसला.

"अहो, या ना! मृत्युपत्र वाचतायत."

"ऐकतोय गं. चालू दे."

"ऐकायला हा काय रेडिओ आहे?"

चौथ्या दिवशी तिसावा भाग संपला. तिने मागे वळून पाहिलं, तर हा स्टुलावर उभा राहून दाराची घंटा खोलत होता. तिने टीव्ही बंद केला.

"तुम्ही जा कामावर. वर्षभर थांबले ती काय या रिकाम्या जागेशेजारी बसायला?"

आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो घाबरला. थोड्या वेळाने तिने टीव्ही पुन्हा लावला, पुढचा भाग समोर आणला. अंगठा रिमोटवर ठेवला. पण दाबला नाही. तशीच बसून राहिली. त्याने हे स्टुलावरून पाहिलं. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना तो बाहेरून भराभरा धीर द्यायचा. इथे मात्र पडद्याकडे बघत भलतंच बोलून गेला.

"तो चाकांच्या खुर्चीतला काका आहे ना, तो चालतो."

"म्हणजे तुम्हाला ताईने सांगितलं!"

"छे गं. त्याची अंगठी. खुर्चीच्या चाकाला लागते तेव्हा टिक वाजते. अकराव्या भागात जिन्यात अंधार होता, तेव्हा कठड्यावर तीच टिक. खालून वर गेली. सात वेळा."

"अकराव्या भागात तुम्ही बिजागऱ्यांना तेल घालत होतात."

"तेल हातांनी घालतात."

तिने अकरावा भाग लावला आणि त्याच्यासारखे डोळे मिटले. टिक. टिक. "अगंबाई!"

तिने डोळे उघडून भाग थांबवला. "एवढं कळलं होतं, तर सांगितलं का नाहीत?"

"तू बघत होतीस. तुझी मजा कशाला घालवू?"

"आणि मला वाटलं, तुम्ही घरातच नाही."

तिने त्याला दुरुस्तीला मिक्सर दिला, इस्त्री दिली, कोचामागे जुनं वर्तमानपत्र अंथरून दिलं. "शेवटचा भाग मात्र इथे. शेजारी. डोळ्यांनी."

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो शेजारी येऊन बसला. गुडघा हलायला लागलाच. तिने पिशवीतून निळ्या लोकरीची लड काढली.

"हात पुढे करा."

लड त्याच्या दोन्ही मनगटांवर चढली. ती टोक धरून गुंडा करू लागली.

"ही तर अटक झाली."

"झालीच. हललात तर गुंता तुम्ही सोडवायचा."

भाग अर्ध्यावर आला आणि डब्यात फोन वाजला. झाकण थरथरलं. कामावर दुसरे लोक होते, हे त्याला माहीत होतं. तरी मनगटं निम्मी वर उचलली गेली. धागा ताणला गेला. तिने पडद्यावरची नजर काढली नाही, पण तिचे हात थांबले.

"वाजू दे," तो म्हणाला. फोन थांबला, पुन्हा वाजला. गुडघ्याबरोबर अख्खी लड थरथरत होती.

पडद्यावर काकाने खुर्चीच्या हातांवर दोन्ही पंजे टेकले.

"आता उठेल," तो कुजबुजला.

"गप्प बसा हो," ती म्हणाली आणि पुन्हा गुंडाळू लागली. पण अगदी सावकाश, भाग संपेपर्यंत लड पुरली पाहिजे अशा बेताने.