आईचा फोटो

खालच्या मजल्यावरचे काका मुलाकडे बंगळुरूला जायला निघाले तेव्हा प्रश्न एकच उरला, कुत्रीचा. पिवळसर लॅब्राडोर, डावा कान चिरलेला, काकू गेल्यापासून त्यांच्या पलंगाशीच बसणारी. मुलाच्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं. जाहिरात मी ऑनलाइन टाकली. नंबर काकांनी हट्टाने स्वतःचाच दिला, पण फोन मी उचलत होते.

पहिला गडी म्हणे लष्करात आहे, सरहद्दीवर. कुत्रीचं वय, खाणं काहीच विचारलं नाही. "गाडी पाठवतो, ताई. गेटपाससाठी फक्त क्यूआर कोड स्कॅन करा." मी म्हटलं, "कुत्री फुकट देतोय, दादा. स्कॅन कसला?" त्याने शिवी हासडली.

मग सीवूड्समधून एक बाई. गोड आवाज, शुद्ध मराठी. तिचा पहिलाच प्रश्न, "ऑपरेशन झालंय का हो? नाही? मग माजावर शेवटची कधी आली होती?"

माझी एक साधी पद्धत आहे. मी म्हणते, आम्हीच तुमच्या घरी आणून सोडू. खरी माणसं म्हणतात, या की, चहाला थांबा. ही म्हणाली, "कशाला त्रास? आम्हीच नेतो." मी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, "पिल्लं काढणारे आहेत. पुन्हा फोन आला तर उचलू नका."

रविवारी मी करावेला मासळी घ्यायला गेले. परतले तर काका एकटेच बसलेले, समोर पेढ्याचा पुडा. पलंगाशी कुत्री नव्हती.

"अगं, त्या बाईचा पुन्हा फोन आला, मग नवरा-बायको आले होते. दोघं वाकून पाया पडली. तुझ्या काकूच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली. ती बाई तर रडली. फसवणारी माणसं अशी असतात का?"

"पत्ता घेतलात?"

"घेतला ना! सीवूड्सला नाही, करंजाडेत स्वतःचा फ्लॅट आहे त्यांचा."

त्याच संध्याकाळी रिक्षा करून आम्ही दोघं गेलो. त्या प्लॉटवर पत्र्याचं कुंपण होतं, आत खड्डा आणि पाणी. फोन बंद. काका कुंपणाच्या फटीतून बराच वेळ हाका मारत राहिले. मी त्यांना दंडाला धरून रिक्षात बसवलं. पुढच्या आठवड्यात ते बंगळुरूला गेले.

पावसाळा संपता संपता त्याच साइटवर पिल्लांची जाहिरात दिसली. फोटोत मागे सिमेंटच्या फरशीवर आडवी पडलेली आई, बरगड्या मोजता येतील अशी. डावा कान चिरलेला. मी गिऱ्हाईक बनून फोन केला.

"पिल्लाची आई बघायला येऊ?"

"आई दाखवत नाही, मॅडम. पिल्लू गाडीने पाठवतो. कोड स्कॅन करा."

मी पोलिसांत गेले. जाहिरात दाखवेपर्यंत ती काढलेली होती, नंबरही बंद.

काका अजून दर रविवारी फोन करतात. "त्यांनी आपल्या कुत्रीचा फोटो पाठवतो म्हटलं होतं. तुला आला का गं?"

"मला कोणी पाठवला नाही, काका," मी सांगते. तेवढं तरी खरं आहे.