सरोजमावशींचं "माझं काही नाही"

आज सकाळी सरोजमावशींना कार्गोने घरी पाठवलं.

कार्गोने. मला दुसरा शब्द सापडत नाहीये, आणि शोधायचाही नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरोजमावशी म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या मिसेस. साहेबांनी नगरकडे वीस वर्षं चर्च सांभाळलं, मग इकडे सौदीत जेद्दाला आले. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, स्टोअरकीपर, आणि दिवसभर करतातही तेच काम. पण शुक्रवारी शराफिया भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही सात-आठ मराठी माणसं जमायचो. आम्ही तीन नर्सेस, लेबर कॅम्पमधले फिटर, एक जोडपं. इथे चर्चला परवानगी नाही, म्हणून दार लावून, बेताच्या आवाजात उपासना.

साहेबांचा उपदेश सुरू झाला की मावशी कुकर लावायच्या.

तिसऱ्या शिट्टीला आमेन. नाही झालं तर आतून आवाज यायचा, "अहो, भात लागेल."

साहेब बिचारे बायबलमधल्या पौलाला अर्ध्या रस्त्यात सोडून डोळे मिटायचे.

बाजारात मावशी सगळ्यांशी मराठीच बोलायच्या. येमेनी भाजीवाल्याला म्हणायच्या, "कोथिंबीर शिळी आहे ही. बदलून दे. यल्ला." आणि तो बदलून द्यायचा. मी सहा वर्षं अरबी शिकतेय, मला अजून कुणी काही बदलून दिलेलं नाही.

मी नवीन आले तेव्हा घरच्या आठवणीने नुसती रडत होते. वाटलं, पाळकाच्या बायको आहेत, आता एखादं वचन सांगतील.

त्या म्हणाल्या, "डोकं बघू. तेल कधी लावलं होतंस शेवटचं?"

खाली बसवलं आणि अर्धा तास डोकं रगडलं. त्या दिवसापासून त्या माझ्या मावशी.

एकदा त्यांना खोकला झाला होता. मी म्हटलं, तपासून घ्या. तर हसल्या. "पाळकाच्या घरात आजारी पडायचं नसतं गं. लोक आपलं दुखणं घेऊन येतात. त्यांनी बसून माझीच चौकशी करायची का?"

तीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला. आणि आम्हालाही पाळायला लावला.

आमच्याकडे शेवटी प्रत्येक जण आपली विनंती सांगतो, मग सगळे मिळून प्रार्थना करतात. कुणाची आई आजारी, कुणाचा सुट्टीवर जायचा एक्झिट री-एंट्री व्हिसा अडकलेला, कुणाच्या मुलाची दहावी. मावशींची पाळी आली की एकच वाक्य. "माझं काही नाही, पुढे चला."

नंतर नंतर त्यांना कुणी विचारेनासंच झालं. आम्ही त्यांना वगळून पुढे जायचो. साहेबसुद्धा.

पंधरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी मी त्यांच्या समोरच बसले होते. त्यांची पाळी आली. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं. पण शेजारच्या फिटरने त्याच्या कफीलचं, व्हिसा देणाऱ्या मालकाचं, सांगायला सुरुवात केली होती. मावशी त्याचं ऐकत बसल्या.

मी ते पाहिलं.

नंतर किचनमध्ये मी डबा भरून घेत होते. हॉस्टेलची बस पकडायची होती. मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"अगं, सकाळपासून जबड्यात कळ येतेय. पार कानापर्यंत जाते."

"दाढ असेल मावशी. लवंग धरा."

"हो, दाढच असेल."

आणि माझ्या डब्याचं झाकण त्यांनीच दाबून लावलं.

मी हार्टच्या वॉर्डला काम करते.

बायकांचा अटॅक दर वेळी छातीत दुखून येत नाही, जबड्यात कळ येते, पाठ धरते, हे मी नव्या मुलींना शिकवते. कुणा पेशंटने हेच सांगितलं असतं तर मी तिला तिथल्या तिथे झोपवून ईसीजी काढला असता. पण हे मावशी सांगत होत्या. आणि मावशींना काही होत नसतं.

शनिवारी सकाळी त्या बाथरूमच्या दारात पडल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मग चौदा दिवस कागद. पोलिसांचा कागद, कंपनीचं पत्र, कॉन्सुलेटची एनओसी. एक झाला की दुसरा. ज्या माणसाने गावोगावच्या लोकांना माती दिली, कबरीपाशी उभं राहून त्यांच्या घरच्यांना धीर दिला, तो माणूस प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसत होता. मी सोबत जायचे. माझा काही उपयोग नव्हता. मी फक्त झेरॉक्स काढायचे.

परवा तशाच एका ऑफिसातल्या बाकावर साहेबांनी विचारलं, "सुनीता, तू शेवटी तिच्याशी बोलत होतीस. ती काही म्हणाली का गं? दुखतंय वगैरे?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

ते म्हणाले, "मला वाटलंच. ती कधी सांगायचीच नाही. सांगितलं असतं तर आपण काहीतरी केलं असतं."

आणि त्यांना जरा बरं वाटलेलं मला दिसलं. म्हणून मी गप्प बसले. आज एअरपोर्टवरही गप्प बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हासुद्धा.

साहेब, आता तुमचं विमान हवेत असेल. उतरल्यावर फोन चालू कराल, तेव्हा हे वाचाल. फोनवर सांगायचं धैर्य माझ्यात नाही, आणि तुम्ही परत येईपर्यंत हे पोटात ठेवायची ताकदही नाही. उद्या कबरीपाशी "तिने कधी कुणाला काही सांगितलं नाही" असं म्हणू नका.

त्यांनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं.

सरोजमावशी, मला क्षमा करा. तुमच्या मातीत शांत निजा.