न बुजवलेली चीर

डॅशबोर्ड मी काळाभोर रंगवून दिला, पण त्यातली चीर बुजवली नाही. चुकून राहिली नाही, मी राहू दिली. आमच्या दुकानांच्या लाइनीत काही जण अजून म्हणतात, त्या बाईला ते जमलं नाही. जमत होतं. पुट्टीचा डबा समोर होता आणि हात रिकामे होते. म्हणून हे लिहून ठेवते.

मी हिंगोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या गोदामात काम लागलं आणि आम्ही भिवंडीला आलो. घरात बसून जीव घाबरा व्हायचा म्हणून गल्लीतल्या चाचांच्या दुकानात सीट कव्हरं धुवायला जायला लागले. चाचा गाड्यांची आतली कामं करतात. सीट, छत, दारांची रेक्झिनची पॅडं, डॅशबोर्ड. एक दिवस त्यांनी एक भंगारातलं पॅड माझ्यापुढे टाकलं आणि रंग फवारायची गन हातात दिली. "आधी खराब कर, मग शीख." मी ते इतकं खराब केलं, की रंग ओघळून खाली थेंब लटकले. चाचा पोट धरून हसले. "बेटी, मेणबत्ती बनवली की तू!"

बाईच्या हातात गन देणारं त्या लाइनीत दुसरं कोणी नव्हतं. हे मी विसरत नाही. आणि मी मुळात घाबरट. लावलेली टेप पुन्हा पुन्हा दाबून बघते. रंग वाळला तरी दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघते, निघाला तर काय म्हणून.

त्या गुरुवारी एका शेठचा डॅशबोर्ड टेम्पोतून उतरला. शेठ खारबावकडचे, जुन्या गाड्या घेऊन विकतात. चाचांचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. डॅशबोर्डला डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्या माणसाच्या बरोबर समोर, एक आडवी चीर होती. हात आत जाईल एवढी. कडा बाहेर वळलेल्या, म्हणजे आतून काहीतरी फुटून आलं होतं.

"चाचा, हे काय?"

"हवेची पिशवी असते आत. टक्कर झाली की फुगून बाहेर येते, माणसाला वाचवते. या गाडीची एकदा येऊन गेली."

"मग नवी बसवणार ना?"

टेम्पोबरोबर आलेले शेठ हसले. "नवी? तिच्या पैशात माझ्या दारात म्हैस येल. पुट्टी भर, सपाट कर, काळा मार. पिशवी गेली म्हनून लागनारा मीटरवरचा दिवा वायरमननी बंद केलाय. गिऱ्हाईक काय डॅश फोडून बघनार हाय?"

"पण शेठ, पुढे बसणारं माणूस..."

"तू बसनार हाय का? न्हाय ना? मग?"

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपण इथं परके. खोली भाड्याची, काम त्यांचं. तोंड बंद ठेव." त्याचंही बरोबर होतं. तोंड बंद ठेवणं मला जमणार होतं, पण हाताचं काय करायचं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्ही रंगाचं मोठं काम शुक्रवारीच धरतो, कारण त्या दिवशी आजूबाजूचे कापडाचे लूम बंद असतात. एरवी कापसाची बारीक रुई हवेत तरंगत असते आणि ओल्या रंगावर बसली, की डॅशबोर्डला दाढी उगवल्यासारखी दिसते. दुपारी नमाजला निघताना चाचांनी पुट्टीचा डबा माझ्या पाटाजवळ ठेवला. "मी येईपर्यंत भरून ठेव. शेठचं काम आहे." एरवी ते माझ्याकडे बघून बोलतात. तेव्हा चपला बघत बोलले.

मी साबणाच्या पाण्याने डॅशबोर्ड घासला. प्लास्टिकवरच्या बारीक दाण्यादाण्यात वर्षांची पॉलिश आणि अगरबत्तीची राख बसली होती. वाळवला, स्पिरिटने पुसला, हलका काचपेपर मारला, प्रायमर दिला. मग काळा. पातळ हात, लांबून, कारण जाड रंग दिला की दाणा बुजतो आणि प्लास्टिक डांबरासारखं दिसतं. चिरेपाशी आले तेव्हा गन थांबवली. डब्याकडे बघितलं. मग चिरेच्या वळलेल्या कडांवरसुद्धा नीट रंग दिला आणि पुढे गेले. फुटलेलं असलं म्हणून मळकं कशाला राहावं?

रंग ओला असतानाच एक बाई आत आल्या. ती गाडी त्याच घेणार होत्या. दिघाशीहून आल्या होत्या, शेठनी त्यांना कव्हरचं कापड निवडायला पाठवलं होतं. एकेक नमुना बोटांनी चाचपत बोलत होत्या.

"पुढच्या सीटला जरा मऊ द्या हां. मी पुढंच बसते. मागं बसलं की मला मळमळतं. अकलोलीला गरम कुंडांवर जाईपर्यंत दोनदा गाडी थांबवायला लावते मी. आमचे हे नुसते ओरडतात." मग त्यांचं लक्ष स्टँडवरच्या डॅशबोर्डकडे गेलं. "हा आमचाच का? छान झालाय. आणि हे फाटलेलं?"

'होईल नीट' एवढंच म्हणायचं होतं. मी गन खाली ठेवली.

"ताई, ते फाटलेलं नाही, फुटलेलं आहे. गाडीची मोठी टक्कर झालीय. आतली हवेची पिशवी संपली, नवी बसवलेली नाही. वरून बुजवून द्या म्हणून सांगितलंय मला."

त्यांनी वाकून चिरेत बघितलं. "तुम्ही इथंच कामाला ना? मग मला का सांगताय?"

"तुम्ही पुढं बसता म्हणून."

त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, कापडाचे नमुने घडी करून जागेवर ठेवले आणि गेल्या.

चाचा आले. आधी डॅशबोर्ड बघितला, मग न उघडलेला डबा. "भरली नाहीस?"

"नाही. आणि त्या ताई येऊन गेल्या. त्यांना सांगितलं."

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता म्हणणार, उद्यापासून येऊ नको. बोलले भलतंच. "अरे बेटी, हे करायचं होतं तर मला आधी सांगायचं. मी चहाला बसलो असतो, संध्याकाळच्या मगरिबपर्यंत आलोच नसतो. आता मी शेठला काय सांगू?"

"सांगा, 'मला माहीत नव्हतं' म्हणून. खरंच आहे ते."

शनिवारी शेठ दुकानात शिरले तेच ओरडत. सौदा मोडला होता. "कोन हाय ती? काढ बाहेर! सातवी शिकलेली बाई मला धंदा शिकवनार?"

मी आतल्या बाजूला होते. बाहेर आले. "शेठ, रंग बघा. कुठं दाणा दबलाय, रेघ पडलीय, तर मला बोला. चीर मी मुद्दाम ठेवलीय."

"तुला भीती न्हाय वाटत?"

"वाटते ना. काम जाईल याची." मी पुट्टीचा डबा उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "तरी भरणार नाही."

शेठ चाचांकडे वळले. "हिला काढ, न्हायतर माझ्या गाड्या बंद."

"काढतो," चाचा म्हणाले. "पण शेठ, वयाने माझा हात हलतो, गन धरवत नाही. रंग मारणारा दुसरा कोणी पाठवा. तो येईल त्या दिवशी हिला काढतो."

शेठ डॅशबोर्ड उचलून घेऊन गेले. तो दुसरीकडे कोणी बुजवला असेल, गाडी दुसऱ्या कोणाला विकलीही असेल. ते मला थांबवता आलं नाही आणि ते मला खातं. दिघाशीच्या ताई पुन्हा आल्या नाहीत, पुढे कुठली गाडी घेतली कळलं नाही. दुकानात काम कमी झालं. चाचा चिडले की म्हणायचे, "तुझी जबान गनपेक्षा लांब फवारते." मी ऐकून घ्यायचे. रोज सकाळी शटर उघडताना वाटायचं, आज काढतील. पण रंग मारणारा दुसरा कोणी आला नाही.

मग एक दिवस शेठचा टेम्पो पुन्हा दारात लागला. दारांची पॅडं होती. शेठ उंबऱ्याबाहेर उभे राहून चाचांना म्हणाले, "तुझ्या त्या बाईला सांग, बिस्किटी रंग पायजे."

मी समोरच होते. पुढे होऊन बोलले. "शेठ, मी इथंच उभी आहे. मला सांगा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "बिस्किटी. आनि यात फुटलंबिटलं काय न्हाय, बघून घे."

मी बघून घेतलं. त्यांच्यासमोर, एकेक पॅड उलटं करून.