चौदा महिन्यांचे बोळके

माझ्या सासूबाईंनी मला फसवले आणि त्याचा फायदा माझ्या धाकट्या जावेने घेतला. फसवणूक झाली ती माझ्या मुलाच्या दुधाच्या दातांवरून.

सत्तरचे दशक संपत आले होते. वाशीत नव्या इमारतींत बिऱ्हाडे येत होती आणि त्यांना ताजी भाजी हवी होती. मी पहाटे बोनकोड्याला चालत जायचे, तिथल्या बायकांशी घासाघीस करून मुळा, माठ, चुका आणायचे आणि दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर गोणपाट टाकून बसायचे. तो कोपरा मला कोणी दिला नव्हता. तीन जणींशी भांडून मी तो धरला होता.

जावेला आणि मला अकरा दिवसांच्या अंतराने मुलगे झाले. सव्वा महिना होताच मी कोपऱ्यावर परतले. दुपारी घरी येऊन पाजायचे, मधल्या वेळी सासूबाई वाटी-चमच्याने वरचे दूध द्यायच्या. जाऊ घरीच असायची.

तिच्या मुलाला पाचव्या महिन्यात दात आला. येईल-जाईल त्याच्यासमोर ती चमचा घेऊन त्या दातावर वाजवायची. "ऐका, ऐका!" टक्. माझ्या अंगाची आग व्हायची. तांदळाच्या कणीएवढ्या त्या दाताचा मला हेवा वाटायचा. पुढचे दात येताना त्या पोराला जुलाब लागले, तेव्हा मला मनातून बरे वाटले होते. तेही लिहून टाकते.

माझ्या मुलाचे मात्र बोळकेच. आठ महिने झाले, नऊ झाले. हिरड्यांवर टाकणखार चोळला, खारीक चघळायला दिली. काही नाही. संक्रांतीला दोघांचे बोरन्हाण एकाच पाटावर केले. डोक्यावरून कुरमुरे, बोरे, उसाचे करवे पडले. जावेच्या मुलाने करवा उचलला आणि कुरतडायला लागला. माझ्याने बोर तोंडात घातले, चोखले आणि तसेच बाहेर काढले.

"एकाच घरातली ना गं दोघं?" शेजारीण म्हणाली.

जाऊ म्हणाली, "ताईंना भाजीतनं सवड कुठाय? दात म्हणजे काय मुळे आहेत, उपटून आणायला!"

सगळ्या हसल्या. मी कुरमुऱ्यांचा डबा आपटला आणि आत गेले.

त्याच आठवड्यात मुलाला दवाखान्यात नेले. सासूबाई बरोबर आल्या. डॉक्टर म्हणाले, "कुणाला चौथ्या महिन्यात येतात, कुणाला वर्ष उलटल्यावर. दिवस पुरे भरले होते?" भरले होते. वजन चांगले होते, खाणे चांगले होते. "मग घराण्यातलं असेल. आईबापांना कधी आले होते?"

मला सातव्या महिन्यात आले होते, आईकडून ऐकले होते. नवऱ्याचे मला काय माहीत? मी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर सावरला.

"माझ्या दोन्ही लेकांना सहाव्यात."

"मग थोडी वाट पाहू. घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी घरी आल्या आल्या निकाल दिला. "घराण्यातलं न्हाई, म्हंजे दुधाचं हाय. आईचं दूध पुरत न्हाई लेकराला. दात येईस्तोवर घरी बस. कोपरा धाकटी बघंल, तिचं पोर ऱ्हाईल माज्याजवळ."

मी खूप भांडले. पण आई कमी पडली, या बोलण्यावर घासाघीस करता येत नाही. नवरा खाली मान घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्या जागेवर बसली. चार महिने मी मुलाला मांडीवर घेऊन, तिने आज काय विकले ते तिच्याच तोंडून ऐकत राहिले.

चौदाव्या महिन्यात दात आला. माझ्या घरी बसण्याने नव्हे, त्याची वेळ झाली म्हणून. त्याच सुमारास सासूबाईंची बहीण गावाहून आली. तिने मुलाचा ओठ खाली ओढून पाहिला आणि खो खो हसली.

"बापावरच गेलंय की गं! अक्के, तुझा थोरला चालाय लागला तरी बोळकंच न्हवतं का त्याचं? सारी आळी हसायची!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टरांना सहावा महिना सांगितलात ना तुम्ही?" मी विचारले.

"धाकट्याला काम न्हवतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी काय खायचं? आनि खरं सांगितलं असतं, तर सोडला असतास व्हय तू कोपरा?"

नसता सोडला. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर गेले. जाऊ उठली नाही. "ताई, गिऱ्हाईक आता मला ओळखतं," म्हणाली आणि पेंढीवर पाणी शिंपडत राहिली.

पुढे मी दुसरीकडे बसले, गाळा घेतला, कुणापुढे हात पसरला नाही. लोक म्हणतात, आता कशाला उगाळतेस? सासूबाईंनी खोटे सांगितले, पण का सांगितले ते तोंडावर बोलल्या. धाकटी आजवर बोललेली नाही. मावशी हसली तेव्हा मी धाकटीकडे पाहत होते. ती दचकली नाही. कणीक मळत राहिली.

तर आता तिनेच बोलावे. माझ्या नवऱ्याच्या दातांची ही गोष्ट तुला कधी कळली, कोपऱ्यावर बसण्याआधी की नंतर? माझ्या मुलाला समोर बसव आणि सांग.