आत्तीचा पहिला घास

जेवायला वाढून माणसांच्या पोटात गोळा आणणारी बाई साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच असेल, ती म्हणजे माझी थोरली आत्ती. कोडोलीला राहते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात भजन आणि जेवण असतं. बाकीच्या बायका मसालेभात, जिलेबी आणतात; आत्ती नाचणीच्या भाकरी आणि रानातून खुडून आणलेल्या भाजीचं पातेलं आणते. "ज्येला कुणी खत घातलं न्हाय, औषध मारलं न्हाय, ते देवानं सोता पिकवलंय. त्येचं त्येला दावायचं आनि सगळ्यांनी मिळून खायाचं. ह्याच्यापरास मोठी पूजा कुठली?" हे तिचं सगळं धर्मशास्त्र. प्लॅस्टिकचा द्रोण दिसला की ती भल्याभल्यांना पंगतीतून उठवते आणि पळसाच्या पत्रावळ्या मांडायला लावते.

भाजी कसली, हे विचारायची सोय नाही. टाकळा, कुर्डू, कुळी एवढी नावं सांगते, पुढं "हाय एक पाला" म्हणते. त्या एका पाल्याला सगळी गल्ली भिते. भजनी मंडळातले एक मास्तर दरवर्षी घरून जेवूनच येतात. पण भजन चालू असतानाच आत्ती सगळ्यांसमोर पहिला घास स्वतः खाते आणि खांबाला टेकून तासभर बसते. मगच नैवेद्य. पुजारी म्हणतो, "आत्याबाई, देवाआधी उष्टं करताय." ती म्हणते, "त्येनं एकदा इख पचवलंय. परत परत कशाला तरास द्यायचा?" तो तासभर ती मजेत गप्पा हाणते आणि आम्ही तिच्या कपाळावर घाम येतोय का, ते बघत बसतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बीएस्सी, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. हे मी कुणी न विचारताही सांगतो. गेल्या श्रावणात ते अंगाशी आलं. आत्तीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. भाजी तिनं हातानं चाचपून खुडली होती. सकाळी त्या भाजीची बुट्टी माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "शिकलास न्हवं, बघ जरा."

मी एकेक पान उलटून बघितलं. कुळीच्या पात्यांत एक पान निघालं, टोकाला तारेसारखं वळलेलं. कळलावी. विषारी. मी सगळी बुट्टी पुन्हा निवडली, मग तिसऱ्यांदा. दुसरं सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नव्हतं, असं बीएस्सीत कुणी शिकवलं नव्हतं. टाकून दे म्हणणं सोपं होतं. मग मात्र तिनं पुन्हा कधी पातेलं आणलं नसतं.

"काय सापडलं?"

"न्हाय, आत्ती." पान मी खिशात घातलं.

देवळात तिनं भाजीला हात घालायच्या आत मीच घास घेतला. ती "थांब की" म्हणेपर्यंत गिळलाही. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. त्या दिवशी गप्पा नाहीत, काही नाहीत.

"पोटात कळ?"

"न्हाय."

"जीभ?"

"न्हाय गं."

तास झाला. पुजारी नैवेद्याचं ताट घेऊन उभा राहिला, मंडळींनी पत्रावळ्या पुढं ओढल्या. मी उठायला लागलो, तर आत्तीनं मनगट सोडलंच नाही.

"बस अजून जरा," म्हणाली.